पिकॅडिली सर्कसमधलं सात मजली भविष्य

लंडनला ऑनसाइट जाऊन आलेल्या माणसाकडे दोन फोटो हमखास असतात. एक बिग बेनसमोरचा आणि दुसरा पिकॅडिली सर्कसमधल्या त्या झगमगत्या जाहिरातींसमोरचा. दुसऱ्या फोटोच्या वेळी कॅमेरा जरा उजवीकडे सरकवला, तर मागे एक मोठी, जुनाट, क्रीम रंगाची इमारत दिसते. तिचं नाव ट्रोकॅडेरो. फोटोत ती कुणी घेत नाही, कारण तिच्यात घेण्यासारखं वरवर काही नाही. आजचा लेख याच इमारतीबद्दल आहे. किंवा खरं म्हणजे तिच्यात जेमतेम तीन वर्षं जगलेल्या एका थीम पार्कबद्दल.

७ सप्टेंबर १९९६ रोजी तिथे 'सेगावर्ल्ड' उघडलं. सात मजले, सुमारे एक लाख दहा हजार चौरस फूट जागा, चारशेच्या आसपास व्हिडिओ गेम मशीन्स, अर्धा डझन राइड्स आणि सुमारे साडेचार कोटी पौंड खर्च. दारात सोनिक हेजहॉगचा भला थोरला पुतळा. आत शिरलं की एक लांबलचक सरकता जिना (त्याचं नाव 'रॉकेट') तुम्हाला इमारतीच्या पोकळीतून थेट वर नेऊन सोडणार, आणि मग एकेक मजला बघत तुम्ही खाली उतरत येणार. मजल्यांना नावं कशी, तर कॉम्बॅट झोन, रेस ट्रॅक, फ्लाइट डेक, कार्निव्हल, स्पोर्ट्स अरीना. खिडकी कुठेच नाही, सगळीकडे अंधार आणि निऑन. 'भविष्यातलं थीम पार्क' असं याचं मार्केटिंग होतं. १९९९ मध्ये सेगाने गाशा गुंडाळला.

आता कंपन्या बुडतात, पार्क बंद पडतात, त्यात नवल ते काय? मला नवल वाटलं ते पुढच्या भागाचं. सेगा गेल्यावर त्याच इमारतीत 'फनलँड' नावाचं एक साधं, कळकट म्हणावं असं गेम पार्लर उरलं. ना सोनिक, ना रॉकेट, ना भविष्य. आणि ते २०११ पर्यंत चाललं! म्हणजे साडेचार कोटींचं पार्क तीन वर्षं टिकलं, आणि त्याच जागेतला टपरीछाप धंदा त्यानंतर बारा वर्षं. असं का झालं, हा माझा प्रश्न.

आधी सेगाची बाजू समजून घेऊ, कारण ती मंडळी मूर्ख अजिबात नव्हती.

आपल्याकडे सेगा म्हटलं की घरी टीव्हीला जोडायची काळी पेटी आठवते (आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तिचा कुठला तरी चिनी चुलतभाऊच होता :-)). पण जपानमध्ये सेगाचा खरा जीव आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीन्समध्ये होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या क्षेत्रात त्यांच्या पुढे फारसं कुणी नव्हतं. १९९२ ला 'व्हर्चुआ रेसिंग' आलं, १९९३ ला 'व्हर्चुआ फायटर'. दोन्हींमागे यु सुझुकी हा माणूस. त्रिमितीय आकृत्या, ज्यांना आपण आज सरळ पॉलिगॉन म्हणतो, त्या इतक्या वेगाने हलवणं घरच्या कुठल्याही यंत्राच्या आवाक्यात नव्हतं. त्यानंतरच्या 'मॉडेल २' बोर्डासाठी सेगाने काय करावं? लष्करी फ्लाइट सिम्युलेटर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीकडे गेले. जीई एरोस्पेस, जी पुढे मार्टिन मारिएटात आणि मग लॉकहीड मार्टिनमध्ये गेली. वैमानिकांना शिकवण्यासाठी जे टेक्श्चर मॅपिंग विकसित झालं होतं ते सेगाने स्वस्त करून 'डेटोना यूएसए' नावाच्या मोटार रेसमध्ये घातलं. रणगाड्याच्या कारखान्यातून पिचकारी बनवून घ्यावी, तसला प्रकार!

तर सेगाच्या हातात एक गोष्ट होती जी दुसऱ्या कुणाकडे नव्हती : घरी मिळणार नाही असा अनुभव. मग त्यांनी विचार केला की हा अनुभव नाण्यावर कशाला विकायचा, तिकिटावर विकू. डिस्नेसारखी पार्कं काढू, पण डिस्नेला लागतात तशी शेकडो एकर जमीन न घेता, शहराच्या मध्यात, छताखाली. रोलर कोस्टरच्या जागी सिम्युलेटर. आठ माणसं एका डब्यात बसतात, समोर पडदा, खाली हायड्रॉलिक पाय, आणि पडद्यावर यान वळलं की डबा कलतो. त्यांच्या या डब्याचं नाव एएस-१. त्याच्या एका गेममध्ये प्रशिक्षक म्हणून चक्क मायकल जॅक्सन पडद्यावर यायचा. एकदा डबा घेतला की फिल्म बदलली की नवी राइड. म्हणजे हार्डवेअर तेच, सॉफ्टवेअर नवं. आपल्या लोकांना हे ऐकून गुदगुल्या व्हायला हव्यात.

जुलै १९९४ मध्ये योकोहामात पहिलं 'जॉयपोलिस' उघडलं, जुलै १९९६ मध्ये टोकियोच्या ओदाइबात दुसरं मोठं. तिथे गर्दी उसळली. मग लंडन, मार्च १९९७ मध्ये सिडनीचं डार्लिंग हार्बर, आणि त्याच महिन्यात अमेरिकेत सिअॅटलला ड्रीमवर्क्स आणि युनिव्हर्सलबरोबर भागीदारीत 'गेमवर्क्स'. वर्षभरात तीन खंडांत रिलीज. (असल्या रोलआउटचा प्लॅन एक्सेल शीटमध्ये फार सुंदर दिसतो.)

इथे जरा विषयांतर करतो, कारण या इमारतीबद्दल वाचताना मी एका ठिकाणी खुर्चीतून उठलोच.

ट्रोकॅडेरो ही जागा करमणुकीसाठी फार जुनी. एकोणिसाव्या शतकात तिथे नाचघर होतं, मग म्युझिक हॉल आला. १८९६ मध्ये जे. लायन्स अँड कंपनीने तिथे भव्य रेस्टॉरंट उघडलं. संगमरवर, ऑर्केस्ट्रा, सगळा थाट. पण मध्यमवर्गाला झेपेल अशा दरात. लायन्स ही मूळची चहावाली कंपनी. लंडनभर त्यांची चहाची दुकानं होती, शेकड्यांनी. दुकानं जास्त म्हणजे हिशेब जास्त. रोज कुठल्या दुकानात किती पाव, किती केक गेले, किती परत आले, पगार किती. हा हिशेब करणाऱ्या कारकुनांची फौजच होती. १९४७ मध्ये त्यांचे दोन अधिकारी अमेरिकेत ऑफिसच्या नव्या पद्धती बघायला गेले आणि तिथे त्यांनी 'इलेक्ट्रॉनिक मेंदू'बद्दल ऐकलं. गंमत म्हणजे तिथल्याच लोकांनी त्यांना सांगितलं, की अहो, तुमच्या घराशेजारी केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स हेच करतोय. लायन्सने विल्क्सच्या एडसॅक यंत्राला पैसे दिले, माणूस दिला, आणि त्या धर्तीवर स्वतःचा कॉम्प्युटर बांधला. चहावाल्यांनी! त्याचं नाव लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाची किंमत काढायचा प्रोग्रॅम चालला. रोजच्या धंद्याच्या कामासाठी कॉम्प्युटर नियमित वापरणारी ही जगातली पहिली कंपनी मानली जाते.

लिओचा धंदा पुढे वेगळी कंपनी होऊन इंग्लिश इलेक्ट्रिककडे गेला आणि १९६८ मध्ये आयसीएल या मोठ्या ब्रिटिश कंपनीत विलीन झाला. आयसीएलची आपल्याकडची शाखा म्हणजे पुण्यातली आयसीआयएम, आणि आयसीआयएमचीच २००० साली झाली झेन्सार. म्हणजे खराडीत झेन्सारच्या गेटवर कार्ड स्वाइप करणाऱ्या माणसाचं पिकॅडिलीतल्या ट्रोकॅडेरोशी लांबचं, पण लग्नसंबंधातून का होईना, नातं लागतं. पुढच्या वेळी कुणी 'आयटीला इतिहास नाही' म्हणालं तर हे ऐकवा.

असो. लायन्सचं रेस्टॉरंट १९६५ मध्ये बंद पडलं. मग इमारतीत नाना धंदे झाले. १९८४ मध्ये ती दुरुस्त करून पर्यटकांसाठी खुली केली. दुकानं, गिनेस रेकॉर्ड्सचं प्रदर्शन वगैरे. १९९३ पासून काही वर्षं तळघरात 'एलियन वॉर' चाललं, ज्यात अंधारात खरी माणसं राक्षसाच्या वेषात अंगावर यायची. पिकॅडिली सर्कस भुयारी स्टेशनातून थेट आत यायला दार होतं. रोज लाखो लोक समोरून जातात. पार्कासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही, असं कुणालाही वाटेल. सेगालाही वाटलं.

आता गणिताकडे येऊ.

पार्क आणि पार्लर दिसायला सारखे असतात, पण विकतात वेगळ्या गोष्टी. पार्क दिवस विकतं. तुम्ही दारात एकदाच पैसे मोजता आणि नंतर आत पैशांचा विचार करत नाही. रांगेत तासभर उभं राहिलात तरी 'अजून चार राइड बाकी आहेत' म्हणत खूश असता. पार्लर मिनिटं विकतं. एक नाणं, तीन मिनिटं, गेम ओव्हर. पार्लरवाल्याला तुम्ही लवकर मेलात तर हवंच असतं. मशीनच्या आत गेम किती अवघड ठेवायचा याचं बटण म्हणूनच असतं. पण पार्लरवाला तुम्हाला फुकट उभं राहू देतो. दुसऱ्याचा खेळ बघत तासभर घालवला तरी कुणी हटकत नाही, कारण बघणाऱ्यातूनच उद्याचा खेळणारा तयार होतो. आपल्या शाळेच्या कोपऱ्यावर जी व्हिडिओ गेमची दुकानं होती, तिथे एक जण खेळायचा आणि सहा जण सल्ला द्यायचे, आठवतं ना?

सेगावर्ल्डने दोन्ही एकदम विकायचा प्रयत्न केला. सुरुवातीला मोठ्या माणसाचं तिकीट १२ पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसहाशे रुपयांच्या आसपास. त्यात राइड्स होत्या. पण ती चारशे मशीन्स? त्यांना नाणी वेगळी. म्हणजे बाप पोराला घेऊन आला, बारा पौंड भरले, रॉकेटने वर गेला, आणि समोर पहिल्याच मशीनने परत नाणं मागितलं. लग्नाच्या पंगतीत जिलबीचे पैसे वेगळे मागितले तर आपण काय म्हणू? लोक तेच म्हणाले, फक्त इंग्रजीत.

बरं, राइड्स तरी मिळायच्या का? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. एएस-१ मध्ये माणसं मावतात ८. बसवणं, पट्टे लावणं, फिल्म, उतरवणं मिळून एक फेरी दहा मिनिटांची धरू. तासाला सहा फेऱ्या, म्हणजे ४८ माणसं. असे चार डबे ठेवले तर १९२. आता समजा (आकडा माझा, हिशेबाच्या सोयीसाठी) दिवसाला पाच हजार लोक आले आणि पार्क दहा तास उघडं आहे. तासाला पाचशे जणांना राइड हवी, आणि तुम्ही देऊ शकता एकशे ब्याण्णव. रांग वाढतच जाणार. ती थांबवायला कितीही चांगला मॅनेजर ठेवा, उपयोग शून्य. डिस्नेच्या बाहेरच्या पार्कात एकेक राइड तासाला हजार-दोन हजार माणसं गिळते. म्हणून तिथे दिवसाचं तिकीट परवडतं. सिम्युलेटर मुळात लहान तोंडाची बाटली आहे. अनुभव छान, पण थेंब थेंब. 'स्पेस मिशन' ही व्हर्च्युअल रिअॅलिटीची राइड, तिच्यासाठी डोक्यावर हेल्मेट चढवायचं. हे हेल्मेट लेस्टरच्या व्हर्चुआलिटी या कंपनीबरोबर मिळून केलेलं. कल्पना करा, प्रत्येक माणसाला हेल्मेट घालायचं, मापात बसवायचं, काढायचं, पुसायचं. 'मॅड बझूका'मध्ये गाड्यांत बसून एकमेकांवर चेंडू झाडायचे. त्यात तरी मजा आणि वेग दोन्ही होतं असं म्हणतात. पण सात मजल्यांचं भाडं एका मॅड बझूकावर निघत नाही.

आणि ते सात मजले! गेम पार्लरची कमाई रस्त्यावरून सहज आत शिरणाऱ्या माणसावर असते. ट्रेनला वीस मिनिटं आहेत, चल एक गेम टाकू. तो माणूस तळमजल्यावर येतो. तिकीट काढून रॉकेटने वर जाऊन पाच मजले उतरत येणारा माणूस हा वेगळा प्राणी, तो दिवस काढूनच आलेला असतो. मुंबईत ज्याने कधी दुकान बघितलंय त्याला माहीत असतं की तळमजल्याचा आणि चौथ्या मजल्याचा भाव एक नसतो. सेगाने जगातल्या सर्वांत गजबजलेल्या चौकांपैकी एक निवडला आणि त्या चौकातल्या चालत्या माणसाच्या तोंडावर तिकीट खिडकी उभी केली.

तिकीट पुढे खूप खाली आणावं लागलं आणि राइड्सचे पैसे वेगळे घ्यायला लागले. म्हणजे पार्कचं हळूहळू पार्लर झालं. फक्त खर्च पार्कचा राहिला.

एवढं सगळं असूनही कदाचित पाच-सात वर्षं काढता आली असती. पण सेगाच्या हातातली ती एकच खास गोष्ट, घरी न मिळणारा अनुभव, तीच वितळत होती. सप्टेंबर १९९५ मध्ये युरोपात प्लेस्टेशन आलं, २९९ पौंडांना. आणि हे बघा : नामको या सेगाच्या प्रतिस्पर्ध्याने १९९४ मध्येच 'टेक्केन' हा आर्केड गेम ज्या बोर्डावर काढला, तो बोर्डच प्लेस्टेशनच्या हार्डवेअरवर बेतलेला होता. म्हणजे पार्लरमधलं मोठं मशीन उघडलं तर आत जवळपास घरचीच पेटी! सेगावर्ल्डचं उद्घाटन झालं तेव्हा ही दरी एका बाजूने बुजायला लागलीच होती. दुसऱ्या बाजूने ती बुजवली खुद्द सेगाने. १९९८ मध्ये त्यांनी घरासाठी ड्रीमकास्ट काढला आणि आर्केडसाठी नाओमी बोर्ड. दोघांचं आर्किटेक्चर एकच, नाओमीत मेमरी जास्त एवढंच. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. एकदाच लिहा, दोन ठिकाणी चालवा. खर्च निम्मा, पोर्टिंगची डोकेदुखी संपली. 'क्रेझी टॅक्सी' १९९९ मध्ये आर्केडला आला आणि सुमारे वर्षभरात घरी. पण ज्या कंपनीने 'घरी मिळत नाही' यावर सात मजले बांधले होते, त्याच कंपनीच्या दुसऱ्या खात्याने 'आता घरी मिळतं' असा बोर्ड लावला. दोन्ही खाती आपापल्या जागी शहाणी. मोठ्या कंपनीत काम केलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

तोवर सेगाचे पैसेही संपत आले होते. १९९७ च्या जानेवारीत बांदाईशी विलीनीकरण जाहीर झालं आणि मे महिन्यात मोडलं. मार्च १९९८ ला संपलेल्या वर्षात कंपनीला ३,५६० कोटी येनचा तोटा झाला. १९८८ मध्ये टोकियो शेअर बाजारात आल्यापासूनचा पहिला. १९९९ मध्ये लंडन सोडलं. सिडनी २००० च्या ऑलिंपिकपर्यंत थांबलं आणि त्याच वर्षी बंद झालं. जानेवारी २००१ मध्ये सेगाने घरचे गेम कन्सोल बनवणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. तसं पाहिलं तर डिस्नेलाही हा धडा फुकट मिळाला नाही. त्यांचं 'डिस्नेक्वेस्ट' नावाचं असंच मजल्यांचं इनडोअर पार्क शिकागोत १९९९ ला उघडलं आणि २००१ ला बंद पडलं. ऑरलँडोमधलं मात्र २०१७ पर्यंत चाललं, पण तिथे लोक मुळात दिवस काढूनच आलेले असतात.

आणि आता फनलँड.

२००८ च्या फेब्रुवारीत मी एका बँकेच्या प्रोजेक्टवर लंडनला होतो, तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं तिथे शिरलो. बाहेर पाऊस आणि वारा, खिशात पर डाएमचे मोजके पैसे. माझ्याबरोबरच्या नागपूरकराने मशीनवरचा दर वाचला आणि म्हणाला, "अरे बाप्पा, एका गेमचे ऐंशी रुपये? आपण बघू ना बे नुसतं!" आम्ही दोन तास नुसतं बघितलं. कुणी काही बोललं नाही. वरचे मजले बंद होते. कार्पेट चिकट, अर्ध्या स्क्रीनचे रंग उडालेले. पण गर्दी काय होती! डान्सच्या मशीनवर एक बारका मुलगा पायांनी असं काही करत होता की त्याच्याभोवती कोंडाळं जमलं होतं. तो खाली उतरला की पुढचा चढायचा, सगळे एकमेकांना नावाने ओळखत होते. खालच्या बाजूला, दुकानांच्या मधल्या मोकळ्या फरशीवर पोरं ब्रेकडान्सचा सराव करत होती. काळी, गोरी, चिनी, आपली. त्यांचं तिथे काही खरेदी करण्याशी घेणंदेणं नव्हतं. लंडनच्या नाचणाऱ्या पोरांमध्ये ट्रोकॅडेरोची ही फरशी प्रसिद्ध होती हे मला नंतर कळलं. विचार करा, पिकॅडिली सर्कसच्या मध्यात, जिथे एक सँडविच घ्यायचं तरी आपण तीनदा गुणाकार करायचो, तिथे एक ऊबदार, कोरडी जागा, जिथे खिशात काही नसताना शनिवार काढता यायचा. सेगाच्या भविष्यात या पोरांना जागा नव्हती, कारण ती तिकीट खिडकीपाशीच अडली असती. ती पोरं आत आली ती सेगा गेल्यावर.

फनलँडचं गणित साधं होतं. प्रवेश फुकट, नाणी तुमच्या मर्जीने, मशीन जुनं झालं तरी चालेल कारण येणारा मशीनसाठी येतच नव्हता, तो इतर पोरं तिथे असतात म्हणून यायचा. ती गोष्ट प्लेस्टेशनवर मिळत नव्हती. लॉकहीड मार्टिनकडूनही नाही.

म्हणून मला 'घरच्या कन्सोलने आर्केड मारलं' हे ठरलेलं वाक्य या इमारतीपुरतं तरी पटत नाही. कन्सोलने सेगावर्ल्डला आजारी पाडलं, हे खरं. फनलँडला मात्र जागेच्या भावाने मारलं. २००५ मध्ये इमारतीचा मालक बदलला. पिकॅडिलीतल्या एवढ्या चौरस फुटांत पोरं फुकट नाचताहेत हे कुठल्याही मालकाच्या एक्सेल शीटला सहन होणारं नव्हतं, आणि नव्या मालकाला तिथे हॉटेल हवं होतं. लीजवरून वाद झाला आणि जुलै २०११ मध्ये फनलँड बंद पडलं. नाचणारी पोरं इकडेतिकडे पांगली.

मागच्या महिन्यात पोराला घेऊन इथल्या एका मॉलच्या गेम झोनमध्ये गेलो होतो. तिथे आता नाणी नाहीत, कार्ड रिचार्ज करायचं. एका गेमचे नेमके किती गेले हे दोन मशीननंतर कळेनासं होतं (हुशार माणसाचं काम आहे). पण मला खटकलं ते वेगळंच. दारातला सिक्युरिटीवाला दोन शाळकरी मुलांना सांगत होता, "कार्ड नसेल तर आत थांबू नका." ती मुलं खेळायला आलीच नव्हती, बघायला आली होती. दोघं सरकत्या जिन्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिथून काचेतून बघत राहिली.

सेगाच्या त्या स्वप्नातलं टोकियोचं जॉयपोलिस टिकलं; मालक बदलले, पण ओदाइबात ते चालू आहे. जपानमधली सेगाची साधी आर्केड दुकानं २०२० मध्ये जेंडा नावाच्या कंपनीने विकत घेतली आणि २०२२ पासून त्यांच्या पाट्यांवरून सेगाचं नाव उतरलं. ट्रोकॅडेरोच्या एका भागात २०१५ मध्ये सिनेमा थिएटर उघडलं. आणि २०२० मध्ये तिथे अखेर हॉटेल आलं, झेडवेल नावाचं, शेकडो खोल्यांचं. त्या खोल्यांना खिडक्या नाहीत. हॉटेलवाले ही गोष्ट लपवत नाहीत, उलट तीच विकतात : शांत अंधार, गाढ झोप.

लिओवर आणि त्या चहाच्या दुकानांच्या हिशेबावर एक स्वतंत्र लेख डोक्यात आहे. रोज दुपारी दुकानांच्या मॅनेजर बायका फोनवरून उद्याची ऑर्डर सांगायच्या आणि ती पंच कार्डावर जायची, वगैरे भारी भानगडी आहेत त्यात. पुढच्या शनिवारी रिलीज नसेल तर लिहितो.